बाई, हात पुढे

लायडन, १२ नोव्हेंबर १६६८

पॉवेल,

आधी 'प्रिय' लिहिणार होते. हात उचलला नाही, म्हणून नुसतं नाव.

काल आमच्या शेजारमंडळाचं जेवण झालं. यंदा मंडळाचा प्रमुख फान ओव्हरशी, म्हणजे पंगत त्याच्या घरी. आपल्या पुलापासून चर्चच्या कोपऱ्यापर्यंतची सगळी घरं आली होती. कापडवाले, पाववाला, मासे विकणारा डर्क हेरिंगवाला आणि मी. जेवण चांगलं होतं, उगाच नावं ठेवत नाही. जेवण झाल्यावर ओव्हरशीनं सगळ्यांना पुढच्या दालनात नेलं आणि तुझं चित्र दाखवलं.

पॉवेल, विटा तुला जमतात. त्याच्या घराची एकेक वीट काढलीयस. खिडकीच्या काचेतला तो वाकडा तुकडासुद्धा सोडला नाहीस. पाणी तर असं केलंयस की डर्क पुढे होऊन म्हणाला, "यात हात घातला तर ओला होईल."

आणि माझी होडी? होडी नाहीच. गाजरांच्या पाट्या नाहीत, कांदे नाहीत, कोबीचा ढीग नाही, तागडी नाही. धक्का असा धुतलेला की त्यावर कुणी कधी काही विकलंच नसावं. ओव्हरशीची बायको आलेता बाईसाहेब त्यांच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर उभ्या, अंगावर पांढरी झालर, हात पुढे. आणि त्यांच्यापुढे धक्क्यावर, खांदे पाडून, हात पसरून कोण उभी आहे? मी. आईचा निळा एप्रन मी घातलाय. माझ्या तळव्यावर एक चकचकीत ठिपका आहे. ते नाणं. बाईसाहेबांनी मला भीक घातलीय.

मग पाववाल्याची बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं हिले, ही तर तूच. एप्रन तोच ना?" कुणीतरी हसलं. डर्क म्हणाला, "चल, आता माझ्याकडनंही एक हेरिंग घे धर्मादाय." त्याला चिडवायचं होतं, वाईट हेतू नव्हता, पण मग सगळेच हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "हिलेला आम्ही कधी परकं मानलं नाही."

मी ग्लास तिथल्या टेबलावर ठेवला आणि घरी आले.

हे तू का केलंस, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

हिले


लायडन, २ डिसेंबर १६६८

पॉवेल,

उत्तर मिळालं. काठावरून घोडा ओढतो त्या बोटीचा तांडेल घेऊन आला. मी धक्क्यावर उभ्याउभ्याच वाचलं, त्यामुळे वाचताना शिव्या दिल्या त्या त्यानंही ऐकल्या. आता हार्लेमपर्यंत सगळ्यांना कळेल.

तू लिहितोस, "ताई, मी माणसं रंगवत नाही. मी घरं आणि पाणी करतो. माणसं लाम्बर्ट करतो." म्हणजे तू ॲमस्टरडॅममध्ये विटा लावायच्या, आभाळ करायचं, माणसांच्या जागा मोकळ्या सोडायच्या, आणि ते चित्र दोन गल्ल्या पलीकडे माळ्यावर बसलेल्या एका माणसाकडे पाठवायचं. तो माणसं भरणार. त्यानं लायडन कधी बघितलेलं नाही. त्याच्याकडे ठरलेल्या आकृत्या आहेत, एक कुत्रं, एक टोपीवाला साहेब, एक दाई, एक भिकारीण. जिथे जे बसेल तिथे ते. आणि हे सगळे असंच करतात, असं तू लिहितोस, जणू त्यानं माझं समाधान व्हावं.

मग लिहितोस की होडी आणि भाजी ओव्हरशीनंच नको सांगितली. "दारापुढे बाजार नको," म्हणाला. तू म्हणालास, ठीक. भाजी काढलीस, होडी काढलीस, तागडी काढलीस. मला मात्र ठेवलंस, बहीण म्हणून. उपकार केलेस.

आणि लाम्बर्टकडे त्या दिवशी काढलेला कागद धाडलास, एप्रनचा रंग सांगितलास, आणि जागेवर खडूनं लिहून ठेवलंस: "बाई, हात पुढे."

एवढंच. तीन शब्द.

पॉवेल, तू त्या दिवशी कुठे बसला होतास आठवतं? माझ्या होडीच्या टोकाला, कांद्याच्या रिकाम्या पोत्यावर. सकाळी मी तुला लोणी लावून राईचा पाव दिला होता. तू कागदावर ओढत होतास आणि मी आलेता बाईसाहेबांशी गाजरांवरून घासाघीस करत होते. त्यांची मोलकरीण मार्रित बादली घेऊन मागे उभी होती. त्यांनी प्रत्येक गाजर दाबून बघितलं, दोन कांदे वर मागितले, मी घातले. मग त्यांनी नाणं दिलं. मी ते उन्हाकडे धरलं. कडा चारी बाजूंनी खरवडलेली. चांदी कुणीतरी काढून घेतली होती. मी काय केलं? हात पुढे केला आणि ते नाणं त्यांना परत दिलं. त्यांनी हात पुढे करून घेतलं. बटव्यातून दुसरं काढून दिलं.

तू तेच ओढलंस. दोन हात, मध्ये एक नाणं. मी बघितलं होतं तुझ्या कागदावर. तू म्हणाला होतास, "ताई, तसाच राहू दे हात," आणि मी तसाच धरून उभी राहिले होते.

ते नाणं मी तिला परत देत होते. तुझ्या लाम्बर्टनं ते माझ्या तळव्यावर ठेवलं. त्याला दोष नाही. समोर भाजी नाही, तागडी नाही, झालरवाली बाई वर आणि एप्रनवाली खाली, हात पुढे. तो बिचारा दुसरं काय समजणार? विकायची वस्तू काढून घेतली की विकणारी भिकारीणच दिसते. हे त्याला कळलं नाही, पण तू तर भाजीच्या होडीत वाढलायस.

हिले

ता.क. चित्रात मी येणार आहे हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तसा काही प्रश्न नाही.


लायडन, २० जानेवारी १६६९

पॉवेल,

कालवा गोठलाय. होडी बर्फात अडकली आहे, म्हणून मी धक्क्यावर फळ्या टाकून सलगम विकते. हात सुजलेत, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

भांडायला लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहिते.

मे महिन्यात बाजाराचे कारभारी धक्क्यावरच्या जागांची यादी वाचतात, तुला माहीत आहे. आईच्या वेळेपासून आपलं नाव त्या यादीत आहे: पुलाखाली, होडी बांधायची डाव्या हाताची पहिली कडी. यंदा ओव्हरशीनं अर्ज केलाय की ही जागा बंद करावी. मार्रितनं मला सांगितलं, ती आता मला लपूनछपून भेटते. अर्जात लिहिलंय की ही जागा आमच्या आईला दयेपोटी दिली होती. विधवा बाई, पदरात दोन मुलं, म्हणून समोरच्या घरानं चालवून घेतलं. दया जो करतो तो थांबवूही शकतो. आणि शेवटी लिहिलंय की हिले बारेन्ट आमच्या घराच्या दानावर जगते, हे तिच्या सख्ख्या भावानंच रंगवून ठेवलेलं आहे, हवं तर ते चित्र कारभाऱ्यांपुढे आणू.

वाच, परत वाच. तुझं चित्र साक्षीदार आहे, पॉवेल. माझ्याविरुद्ध.

आईला कुणी दयेनं काही दिलं नव्हतं. तिनं ती जागा चिठ्ठी काढून मिळवली, सगळ्या मळेवाल्यांपुढे, टोपीत हात घालून. ती चिठ्ठी लिहून ठेवणारे सगळे मेलेत. तू पाळण्यात होतास, पण तिच्या तोंडून हजार वेळा ऐकलंयस. तिनं हात पुढे केला तो टोपीत. मागायला नाही.

आता तू म्हणशील, "मग त्या नाण्याचं सांग ना." तेच सांगता येत नाही. भाजीवालीनं चारचौघांत एका कापडवाल्याच्या बायकोनं खरवडलेलं नाणं दिलं असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी बदनामीच्या खटल्यात मी उभी राहीन. आणि त्याहूनही मोठी गोष्ट, आई शिकवून गेलीय, गिऱ्हाइकाचं खोटं नाणं हळूच परत करायचं, बोभाटा करायचा नाही. एकदा बोभाटा केला की कुठलंच मोठं घर तुमच्या होडीवर येत नाही. धक्क्यावरच्या सगळ्या बाया हे पाळतात. मीही पाळते. म्हणून आजवर तुझ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही.

तू सांगू शकतोस. तू तिथे होतास, तू चित्रकार आहेस, तुझ्या सहीला किंमत आहे. मे महिन्यात ये. नाही येता आलं तर दोन ओळी लिहून दे, नोटरीसमोर: चित्रात बदल केला आहे, ती बाई होडीवर भाजी विकते, ती जागा तिची आहे. एवढंच. नाण्याबद्दल लिहिलं नाहीस तरी चालेल.

आणि वसंतात तू त्या चित्राला वॉर्निश लावायला येणारच आहेस, वर्षभर रंग वाळला की लावतात, तूच सांगितलं होतंस. तेव्हा हातात ब्रश असेल, चित्र भिंतीवरून खाली असेल. माझ्या हातात तागडी दे. करंगळीएवढी तागडी, त्याला किती रंग लागतो?

हिले


लायडन, १ मार्च १६६९

पॉवेल,

लेसची कॉलर मिळाली. सुंदर आहे. मी ती मार्रितला दिली, तिचं लग्न ठरतंय.

मला कॉलर नको होती. दोन ओळी हव्या होत्या.

कॉलरबरोबरचं तुझं पत्र वाचून मला आधी काही कळलंच नाही. तू हवामानाबद्दल लिहिलंयस. निळा रंग किती महागलाय ते लिहिलंयस. कुठल्याशा संग्राहकाला तुझे पूल आवडतात असं लिहिलंयस. मग शेवटी, जाता जाता, "ओव्हरशींच्या मेव्हण्यांनी आणखी चार चित्रं सांगितली आहेत, त्यामुळे या घडीला मला त्यांना दुखवणं शक्य नाही. तू समजून घेशील."

समजले.

चार चित्रं. चार घरं, चार ओटे. त्या चार घरांपुढेही कुणीतरी विकत असेल. दूध, मासे, झाडू, चुलीत जाळायचं पीट. त्यांनाही पुसशील. आणि जिथे पुसणं जमणार नाही तिथे लाम्बर्टला चिठ्ठी लिहिशील.

तुला एक सांगते. तू पहिल्यांदा घरून निघालास, गुरूकडे शिकायला, तेव्हा आईनं विचारलं होतं, "याचा खर्च कुठून करायचा?" मी म्हटलं होतं, होडी आहे ना. मी तेव्हा माझं लग्न पुढे ढकललं. पुढे तो यान, ज्याच्याशी माझं ठरलं होतं, दुसरीकडे गेला. हे मी कधी काढलं नाही, आत्ताही काढणार नव्हते, कॉलरमुळे निघालं. त्या होडीनं तुला ब्रश धरायला शिकवलं, आणि तू पहिली कुठली गोष्ट खोडलीस तर ती होडी.

तू म्हणतोस श्रीमंत लोक असंच मागतात, स्वच्छ कालवा, शांत पाणी, बाजार नको. मला त्याचं आश्चर्य नाही. त्यांचं घर लोकर विकून उभं राहिलंय, सगळी गल्ली त्यांच्या धोट्यांच्या आवाजानं जागी होते, तरी त्यांना चित्रात विक्री नको. ज्या हातानं मिळवलं तो हात भिंतीवर दिसायला नको. विकणारी खाली, देणारे ते वर. मग रात्री शेकोटीपुढे बसून चित्राकडे बघत म्हणायचं, आपण किती चांगले. हे त्यांचं मला कळतं. तुझं कळत नाही. तू त्यांच्यात जन्मला नाहीस, पॉवेल. तुझ्या नखांत अजून कांद्याची माती असेल, नीट बघ.

आणि त्या ता.क.बद्दल. मी खोटं लिहिलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं. अख्ख्या धक्क्याला सांगितलं होतं की माझा भाऊ मला रंगवतोय. आईचा एप्रन त्यासाठीच धुवून, निळीत बुडवून, इस्त्री करून घातला होता. गाजरं विकायला इस्त्रीचा एप्रन कोण घालतं? म्हणूनच त्या जेवणाच्या दिवशी सगळ्यांनी लगेच ओळखलं. आता तरी कळलं का, ते का हसले?

हिले


लायडन, २३ एप्रिल १६६९

पॉवेल,

तू येऊन गेलास.

मी तुला पुलावर बघितलं. काखेत वॉर्निशची बाटली, फडक्यात गुंडाळलेले ब्रश, नवी टोपी. तुझी चाल बदलली नाही, उजवा पाय अजून बाहेर टाकतोस. मी होडीत होते. खाली वाकले नव्हते, लपले नव्हते, कोबी रचत होते. तू पुलाच्या दुसऱ्या कठड्याला लागून गेलास. तुझं तोंड पाण्याच्या त्या बाजूला होतं जिथे बघण्यासारखं काहीच नाही.

डर्क म्हणाला, "तो तुझा भाऊ ना?"

मी म्हटलं, "नाही. वॉर्निशवाला आहे."

डर्क मान खाली घालून हेरिंग साफ करत बसला.

तू संध्याकाळी निघून गेलास. त्यानंतर मार्रित आली. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. बाईसाहेब तुला म्हणाल्या, "त्या बाईनं जेवणाच्या दिवशी तोंड वाकडं केलं. माझ्या दालनात ती मला नको. तिला काढून टाका." तू विचारलंस, "पूर्ण?" त्या म्हणाल्या, "पूर्ण." तू म्हणालास, "ठीक आहे बाईसाहेब." मग तू बसलास आणि दुपारभर माझ्या जागी विटा आणि पाणी भरलंस. मार्रित म्हणाली, "फार हळू, फार छान करत होते. मध्ये एकदा थांबून बराच वेळ बसले. मी बिअर नेली तर घेतली नाही."

बिअर घेतली नाहीस. मग काय, मी रडू?

मी तागडी मागितली होती. तू तागडी दिली नाहीस, माणूसच काढलास. भिकारीण होते तेव्हा निदान होते. आता त्या धक्क्यावर कुणीही नाही. आता ओव्हरशी म्हणेल, बघा, इथे कधी कुणी नव्हतंच. जो धक्का रिकामा आहे त्यावरून एका बाईला उठवणं म्हणजे काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात यादी वाचतात. तू येणार नाहीस हे आता लिहायची गरज नाही. मी माझी एकटी जाईन. आईचा एप्रन घालणार नाही.

यापुढे तुला पत्र लिहिणार नाही.


लायडन, ४ मे १६६९

पॉवेल,

पत्र लिहिणार नाही म्हटलं होतं. हे एक लिहिते, कारण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू त्याचं काहीतरी चांगलं करून घेशील.

काल मापघरात यादी वाचली. तीन कारभारी होते. मधले म्हातारे, त्यांना धड ऐकू येत नाही, पण बघतात सगळं. धक्क्यावरच्या सगळ्या बाया मागे उभ्या होत्या. डर्कही होता, हेरिंगचा वास घेऊन. पुलाखाली, डाव्या हाताची पहिली कडी, असं वाचल्यावर ओव्हरशी उठला. बरोबर आलेता बाईसाहेब, झालर, हातमोजे, सगळं. मागे मार्रित आणि एक गडी, कापडात गुंडाळलेलं चित्र धरून.

ओव्हरशी छान बोलला. दया, विधवा, शहराची शोभा, शांत पाणी. म्हणाला, "कारभारी महाशय, हा धक्का कसा दिसायला हवा ते ॲमस्टरडॅमच्या एका नामवंत चित्रकारानं दाखवलंय. हा चित्रकार याच बाईचा भाऊ. त्यालाही इथे होडी दिसली नाही." आणि गड्याला खूण केली. गड्यानं कापड काढलं.

पॉवेल, मला पुसल्यानंतर मी पहिल्यांदाच बघितलं ते. आणि मला वाटतं ओव्हरशीनंही पहिल्यांदाच नीट बघितलं. भिंतीवर टांगलेली वस्तू माणूस रोज बघतो, म्हणजे बघत नाही.

विटा झकास होत्या. माझ्या जागी तू पाणी भरलंयस, उन्हाचा पट्टासुद्धा आणलायस, मी कधी तिथे होते असं कुणाच्या बापाला कळणार नाही. नाणं माझ्या तळव्यावर होतं, ते माझ्याबरोबर गेलं. सगळं गेलं. फक्त बाईसाहेब राहिल्या. ओट्याच्या खालच्या पायरीवर, झालर लावून, पुढे वाकून, हात पुढे करून. रिकामा हात. रिकाम्या धक्क्याकडे पसरलेला.

म्हातारे कारभारी पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग मोठ्यानं, कमी ऐकू येणारे बोलतात तसं, म्हणाले, "बाईसाहेब काय मागतायत?"

मागून डर्क म्हणाला, "हेरिंग असेल."

पूर्ण मापघर हसलं. पाववाल्याची बायको सगळ्यात जास्त. मी हसले नाही. मी आलेता बाईसाहेबांकडे बघत होते. त्या त्या हाताकडे बघत होत्या. आणि मला दिसलं, पॉवेल, की त्यांना आठवलं. ते ऊन, ती गाजरं, ते नाणं. त्यांनी नाणं परत घ्यायला हात पुढे केला होता, तो हात तुझ्या कागदावरून लाम्बर्टकडे गेला, लाम्बर्टनं तो तसाच उचलला, आणि आता तो एकटा उरला होता. त्या चित्रात तेवढी एकच गोष्ट खरी राहिली होती.

म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "हिले बारेन्ट, तू त्या वेळी तिथे होतीस?"

"होते."

"मग बाईसाहेबांचा हात असा का?"

मी सांगू शकले असते. ओठांवर आलं होतं. मागे सगळ्या बाया उभ्या होत्या, त्यांच्यापैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी त्या घरचं नाणं उन्हाला धरलं असेल, आणि कुणीही बोललं नव्हतं. मी म्हटलं, "महाशय, ते बाईसाहेबांनाच विचारलेलं बरं."

ओव्हरशी बायकोकडे वळला. "आलेता, काय म्हणतेय ही?"

बाईसाहेबांनी हातमोजे ओढून घट्ट केले. "झाकून टाका ते," म्हणाल्या. "आणि हा अर्ज कशाला हवा होता तुम्हाला? एक होडी. घरी चला."

"अगं पण—"

"घरी चला म्हटलं ना."

गड्यानं कापड गुंडाळलं. ओव्हरशी म्हणाला की अर्ज तो मागे घेतो, शेजारधर्म म्हणून. म्हाताऱ्यांनी पुढचं नाव वाचलं. जागा माझी आहे. पुलाखाली, डाव्या हाताची पहिली कडी.

बाहेर आल्यावर बाया मला मिठ्या मारत होत्या. एक म्हणाली, "तुझ्या भावानं काय डोकं चालवलं गं. मुद्दाम हात ठेवला."

मी त्यावर रात्रभर विचार केला नाही, कारण मला झोप लागली. सकाळी विचार केला.

तू मुद्दाम ठेवला नाहीस. तुला मी ओळखते. तू बिअर न पिता बसलास, तुला वाईट वाटलं असेल, ते मी मानते. पण तो हात तू ठेवलास कारण बाईसाहेब माणूस आहेत आणि तू माणसं रंगवत नाहीस. मला पुसायला विटा आणि पाणी पुरेसं होतं, ते तुझं काम. त्यांचा हात खाली करायला लाम्बर्ट लागला असता, आणि लाम्बर्ट ॲमस्टरडॅममध्ये माळ्यावर. एवढ्यावर माझी जागा वाचली. आपल्या बहीणभावाच्या नात्यावर नाही, तुझ्या सहीवर नाही, तुला जे येत नाही त्यावर.

आणि जर मुद्दाम ठेवला असशील, तर तेही मला येऊन सांग. पत्रात लिहू नकोस. पत्रात तू फार छान लिहितोस.

मी शनिवारी नेहमीच्या जागी असते. यायचं असेल तर पुलाच्या माझ्या बाजूच्या कठड्यानं ये. टोपी काढून, समोरून, गिऱ्हाईक येतं तसा. गाजरं घे, कांदे घे, मी तागडीनं तोलून देईन, दोन कांदे वर घालणार नाही.

पैसे तू दे. मी ते उन्हाला धरून बघेन.

हिलेखोंट, बारेन्टची मुलगी
पुलाखाली, डाव्या हाताची पहिली कडी